पडद्यावरचा मनाचा वैद्य

नाशिकच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे वसंत कानेटकर यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे पहिले नाटक १९५७ साली रंगभूमीवर आले. मनाचा आजार हा थट्टेचा नव्हे, गंभीर विचाराचा विषय आहे, हे मराठी प्रेक्षकाने तेथे पाहिले. परंतु त्या आजारावर उपचार करणाऱ्याची प्रतिमा जनमानसात ठसविली ती मुख्यतः हिंदी चित्रपटांनी.

असित सेन यांच्या ‘खामोशी’ (१९६९) या चित्रपटात प्रेमभंगाने खचलेल्या रुग्णाला बरे करण्यासाठी परिचारिका राधाने त्याच्यावर प्रेम असल्याचा अभिनय करावा, असा प्रयोग डॉक्टर करतात. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो. दुसराही बरा होतो. परंतु तोवर राधाचेच मन ढळते आणि ती त्याच रुग्णालयात रुग्ण होते. उपचार करणाऱ्यालाही मन असते, हे सांगणारा हा करुण चित्रपट होय. तथापि प्रेम हेच औषध, हा समज मात्र त्याने दृढ केला. पुढे ‘क्योंकी’मध्ये (२००५) तरुण डॉक्टर रुग्णाच्या प्रेमात पडते, तर तिचे वडील, जे स्वतः प्रमुख डॉक्टर आहेत, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याचे जीवन उद्ध्वस्त करतात. म्हणजे उपचारक एक तर प्रियकर, नाही तर जुलमी!

मराठीत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी वेगळी वाट धरली. ‘देवराई’मध्ये (२००४) स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषची बहीण आजार समजून घेते, तेथे चमत्कार नाही, चिकाटी आहे. त्यांच्याच ‘कासव’मध्ये (२०१६) नैराश्यातून सावरलेली जानकी जीव द्यायला निघालेल्या तरुणाला, नाव-गाव न विचारता, आसरा देते. या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्याच्या निर्मितीत व अभिनयातही होते. त्याच वर्षीच्या, पुण्याच्या गौरी शिंदे यांच्या ‘डिअर जिंदगी’त गोव्यातील समुपदेशक रुग्ण तरुणीची ओढ ओळखतो आणि सौम्यपणे तिला मर्यादा दाखवितो. राधाला जी मर्यादा कोणी आखून दिली नाही, ती येथे दिसते.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. विजेच्या झटक्यांची दृश्ये पाहून धास्तावलेली कुटुंबे आपल्या माणसाला डॉक्टरांकडे नेण्यास कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना असे झटके देण्यास मनाई केली आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. काही जण दुखणे घेऊन केवळ धर्मगुरूकडे येतात. धर्मगुरूने ऐकावे, धीर द्यावा; परंतु औषधोपचार हे त्याचे काम नव्हे. अशा कुटुंबाला डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत करणे, हेही शेजारधर्माचेच कार्य आहे.