बिल्ल्यावरचे चाक



वारीच्या वाटेवर मुक्कामाला पायाचे फोड बांधणारी, गोळ्या-औषधे देणारी मंडळी भेटतात. त्यातल्या काहींच्या छातीवर निळ्या-सोनेरी दांतेरी चाकाचा छोटा बिल्ला असतो. हे रोटरी क्लबाचे चिन्ह. आपल्याला गाडीचे चाक नवे नाही, म्हणून या चाकाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलांनी तीन स्नेही जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर, एक शिंपीकामाचा व्यावसायिक. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची. बैठक फिरती, म्हणून नाव रोटरी. आणि फिरते म्हटल्यावर खूण चाकाचीच!

मॉन्टेग्यू बेअर हे सभासद ठसे कोरण्याचे काम करीत. त्यांनी साधे गाडीचे चाक काढले, तेरा आऱ्यांचे. लोक म्हणाले, हे तर उभेच आहे, चालत नाही. मग त्यांनी खाली ढगासारखे काही काढले. त्यावर दुसरे म्हणाले, ही तर धूळ दिसते, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना धूळ कशी उडेल? खरेच आहे. रथामागे चालणाऱ्या वारकऱ्याला विचारा, धूळ मागच्याच्याच तोंडावर येते. शेवटी बेअर यांनी क्लबाच्या नावाची पट्टी काढून ती धूळ झाकली.

पुढे गावोगाव क्लब निघाले आणि जो तो आपल्या मनाचे चाक काढू लागला. तेव्हा ऑस्कर ब्योर्गे या इंजिनिअरने नीट मापाने चाक आखले. सहा आरे, चोवीस दाते. गाडीचे चाक जाऊन यंत्राचे चाक आले. एकाचा दाता दुसऱ्यात अडकला की दोन्ही फिरतात, असा त्याचा अर्थ.

तरी एक उणीव राहिलीच. चाकाच्या मधल्या भोकाला चावीची खाच नव्हती. पिठाच्या गिरणीवर काम केलेल्याला हे लगेच कळेल. आस आणि चाक यांच्यामध्ये चावी ठोकली नाही, तर चाक नुसते मोकळे फिरते, काम काही होत नाही. एका सभासदाने हे दाखवून दिले आणि १९२४ पर्यंत ती खाच चिन्हात आली. बिल्ला जवळून पाहाल तर मधोमध ती बारीक खाच आजही दिसते.

चाक कामाला कसे लागले, तेही सांगितले पाहिजे. १९०७ साली शिकागोत सार्वजनिक शौचालये व्हावीत म्हणून या मंडळींनी खटपट केली. वारीत उघड्यावर बसावे लागण्याचे हाल, विशेषतः मायबहिणींचे, ज्यांनी सोसले त्यांना या कामाचे मोल सांगायला नको. १९८५ पासून त्यांनी पोलिओविरुद्ध जगभर मोहीम धरली. आपल्या देशात सरकार, आशाताई, अंगणवाडीताई असे असंख्य हात त्यात लागले. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा नवा रोगी सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या पायांनी वारी चालायची, ते लहानपणीच लुळे पडण्याचे भय गेले.

आता आपल्याकडे. शताब्दीनिमित्त दिंडीचा बिल्ला करावा की नाही, यावर मंडळींत दोन मते आहेत. तरुण म्हणतात, गर्दीत चुकलेला माणूस सापडतो. जुनी माणसे म्हणतात, गळ्यात माळ आहे, कपाळी गोपीचंदन-बुक्का आहे, मग आणखी खूण कशाला? आम्हाला दोन्ही म्हणणी पटतात. बिल्ला सोयीसाठी खुशाल करावा. पण माळ काय, बिल्ला काय, आतली चावी बसली पाहिजे. थकलेल्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेणे, मागे राहिलेल्या म्हातारीसाठी थांबणे, पंगतीत कोणाला उपाशी न ठेवणे, ही ती चावी. ती शंभर वर्षे ज्यांनी जपली, त्या सर्व माउलींना आमचा दंडवत.