गेशा आणि संगीत बारी : शिक्षणाची दोन घरे

गेशा म्हणजे वेश्या नव्हे, हे आपल्याकडच्या सुशिक्षित वाचकाला आता वेगळे सांगावे लागत नाही. आर्थर गोल्डन यांची ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’ ही कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली, २००५ साली तिच्यावरचा चित्रपट आला आणि गेशा ही वर्षानुवर्षे नृत्य, गायन, वादन व संभाषणकला शिकलेली कलावंत असते, ही माहिती सर्वसाधारण ज्ञानाचा भाग झाली. मात्र हाच वाचक चौफुल्याचे नाव निघाले की गालातल्या गालात हसतो. बारामतीहून सुप्यामार्गे पुणे-सोलापूर रस्त्याला लागावे तर जो नाका लागतो तो चौफुला. तेथील कलाकेंद्रे सर्वांना ठाऊक आहेत. तोच रस्ता पुढे भिगवण, इंदापूर ओलांडून मोडनिंबला जातो, तेथेही संगीत बारीची थिएटरे आहेत. ह्या दोन ठाण्यांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही मराठी शिकवतो, पेशवाईतील शाहिरी वाङ्मय हा आमच्या अध्यापनाचा नित्याचा भाग आहे. क्योतोच्या गेशेला आपण जो न्याय सहज देतो तो मोडनिंबच्या कलावंतिणीला का देत नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला टाळता येत नाही. त्याचे उत्तर ह्या दोघींच्या कलेत सापडत नाही, आणि त्यांच्या आयुष्यात तर मुळीच सापडत नाही, असे आमचे मत आहे.

‘गेइ’ म्हणजे कला आणि ‘शा’ म्हणजे व्यक्ती. आरंभीचे गेशा पुरुष होते. ते मेजवान्यांत ढोल वाजवीत, नकला करीत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून स्त्रिया ह्या पेशात आल्या आणि लवकरच पेशा त्यांचाच झाला. (आपल्याकडेही तमाशाच्या फडात स्त्रीचे काम दीर्घकाळ नाच्या पोऱ्या करीत असे. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हे नाव गाजले ते बरेच नंतर.) एदोतील योशिवारा ह्या वेश्यावस्तीत १७७९ साली गेशांच्या नोंदणीसाठी ‘केन्बान’ नावाची कचेरी स्थापन झाली. गेशेने वेश्येचे गिऱ्हाईक ओढू नये, म्हणून तिच्या वेषावर आणि वागण्यावर नियम घातले गेले. गेशा आणि वेश्या ह्यांतील ज्या भेदाचा आज गौरवाने उल्लेख होतो, त्याच्या मुळाशी वस्तीचालकांचा असा हिशेब होता.

गेशेचे शिक्षण ज्या घरात होते त्याला ‘ओकिया’ म्हणतात. पूर्वी गरीब घरातली मुलगी लहानपणीच तेथे आणली जाई. तिच्या आईबापांना दिलेली रक्कम, तिचे जेवणखाण, किमोनो, गुरूंची दक्षिणा हे सारे तिच्या नावे कर्जखाती पडे. प्रथम ती घरकाम करणारी ‘शिकोमी’ असे. पुढे ‘मिनाराय’ झाली की थोरल्या भगिनीसोबत चहागृहातल्या मैफलीत जाऊन बसायचे, बोलायचे नाही, फक्त पाहायचे. मिनाराय ह्या शब्दाचा अर्थच ‘पाहून शिकणे’ असा आहे. त्यानंतर ती ‘मायको’ होते, आणि तांबडी कॉलर उतरवून पांढरी चढवली की पूर्ण गेशा, क्योतोच्या बोलीत ‘गेइको’. शामिसेन ह्या तीन तारांच्या वाद्यावर गाणे, नृत्य, चहाविधी हे शिक्षण गेशा झाल्यावरही थांबत नाही. मैफलीचे मोल वेळेवर ठरे आणि तो वेळ उदबत्तीवर मोजला जाई. एक उदबत्ती जळून गेली की एक एकक.

आता संगीत बारीकडे वळू. ‘बारी’ म्हणजे पाळी. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा सारा ऐवज असतो आणि पुरुष कलावंतही असतात. संगीत बारीत मुख्यत्वे स्त्रियांचे नृत्यगायन असते, साथीला पेटी, तबला, ढोलकी. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, प्रत्येक पार्टी तिच्या मालकिणीच्या नावाने ओळखली जाते आणि रंगमंचावर एकामागून एक त्यांच्या बाऱ्या होतात. रसिकाने फर्माईश करावी, दौलतजादा करावा, आणि पुढे हवी तर खोलीत खाजगी बैठक लावावी. बैठकीचे मोल येथेही वेळेवर ठरते. उदबत्तीऐवजी घड्याळ, इतकेच.

पार्टीतल्या मुलीला कोणी ‘शिकायला बस’ असे क्वचितच म्हणते. ती आईच्या, मावशीच्या बाऱ्या विंगेतून पाहत वाढते. खेळता खेळता ठेका कानात बसतो, मग पावले बसतात. पायांत चाळ बांधण्याचा दिवस येईपर्यंत तिचा निम्माअधिक अभ्यास असा नुसता पाहून झालेला असतो. जपानी भाषेने ह्या अवस्थेला नाव दिले, पायरी दिली, तिची मुदतही ठरवली. मराठीत त्याला शब्द नाही, म्हणून ते शिक्षणच नव्हे असे आपण धरून चाललो. ‘त्यांच्या रक्तातच असते’ हे कौतुकाचे म्हणून उच्चारले जाणारे वाक्य ऐकायला गोड असले तरी अत्यंत अन्यायाचे आहे, कारण त्यात वर्षानुवर्षांचे कष्ट जातीच्या खात्यावर जमा होतात.

संगीत बारीतील पुष्कळ स्त्रिया कोल्हाटी समाजातल्या आहेत. कसरती करीत फिरणारा हा समाज आज शासनदरबारी भटक्या जमातींत मोडतो. ह्या समाजातील रीत अशी की नाचायचे ते घरच्या लेकीने, घरच्या सुनेने नव्हे. सून पडद्याआड, ‘घरंदाज’ राहते, आणि लेकीच्या कमाईवर बाप व भाऊ यांचे संसार चालतात. नाचणारीने लग्न करायचे नाही. तिच्या आयुष्यात जो पुरुष येतो त्याला ‘मालक’ म्हणतात, आणि पहिल्या पुरुषाकडून रक्कम घेऊन जो विधी होई तो ‘चिरा उतरणे’. जपानी पेशात विवाह केला की गेशापण संपते. आश्रयदात्याला तेथे ‘दन्ना’ म्हणतात, आणि कौमार्याचे मोल ठरवणारा तेथील विधी म्हणजे ‘मिझुआगे’. दोन समाज, ज्यांचा परस्परांशी काडीचा संबंध आला नाही, ते स्त्रीच्या कलेचा आणि देहाचा हिशेब एकाच वहीत इतक्या सारख्या रकान्यांत मांडतात, हे पाहून आम्हांला अभ्यासाच्या आनंदापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटली.

ह्या ठिकाणी जपानची बाजू उजळ करून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. गोल्डन यांच्या कादंबरीला माहिती पुरवणाऱ्या मिनेको इवासाकी ह्या गिओनच्या नामवंत गेशेने २००१ साली लेखकावर खटला भरला. तिच्या मिझुआगेचा लिलाव झाल्याची समजूत ह्या कादंबरीमुळे पसरली, ह्याला तिचा आक्षेप होता. २००३ साली तो आपसांत मिटला. २००२ साली तिने आपले आत्मचरित्रही प्रसिद्ध केले. दुसऱ्या बाजूला, २०२२ साली एका माजी मायकोने अल्पवयात मद्य पाजले गेल्याचे आणि गिऱ्हाइकांसोबत स्नानाचा आग्रह झाल्याचे आरोप जाहीरपणे केले. म्हणजे ‘केवळ कला’ हे चित्रही पूर्ण खरे नाही.

मग फरक पडला तो कोठे? जपानची राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोची रया जाऊ नये म्हणून १८७२ साली तेथील प्रशासनाने प्रदर्शन भरवले आणि त्यात गिओनच्या गेशांचे ‘मियाको ओदोरी’ हे नृत्य जाहीर रंगमंचावर आणले. शहराने आपल्या प्रतिष्ठेसाठी त्यांना पुढे केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सक्तीचे शिक्षण पुरे झाल्याखेरीज मुलीला ह्या पेशात येता येईना. १९५६ साली वेश्याव्यवसायविरोधी कायदा संमत झाला, १९५८ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी झाली आणि मिझुआगेचा व्यवहार इतिहासजमा झाला. गिओनमध्ये गेशांसाठी शाळा आहे. तेथे मुरलेल्या गेशाही शिकायला जातात. देहाचा रकाना कायद्याने खोडला, कलेचा रकाना संस्थेने जपला.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि पुढे ती उठवली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. अश्लीलता शब्दांत शोधली गेली. नाचणारीचे शिक्षण, तिचे वय, तिची मिळकत कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न तपासणाऱ्यांच्या टेबलावर आलेच नाहीत. पुढे थिएटरांचे उत्पन्न घटले तेव्हा ह्या समाजातील अनेक मुली मुंबईच्या बारमध्ये नाचायला गेल्या. २००५ साली राज्याने डान्स बारवर बंदी आणली, तिच्यातून तीन तारांकित व त्यावरील हॉटेले मात्र वगळली. २००६ साली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. श्रीमंतांच्या हॉटेलात जे नृत्य ठरते ते बारमध्ये अनीती कसे होते, हा प्रश्न त्या खटल्याच्या केंद्रस्थानी होता. आमच्या विषयाचाही तोच गाभा आहे. नृत्याची नीती पाहणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरते, आणि महाराष्ट्रात ती नाचणारीच्या जातीवरूनही ठरते. शर्मिला रेगे यांनी १९९५ सालच्या आपल्या निबंधात लावणी-कलावंतांच्या संदर्भात हे जातीचे सूत्र प्रथम ठळकपणे मांडले. शैलजा पाईक यांच्या तमाशावरील २०२२ सालच्या ग्रंथाने ते आणखी पुढे नेले.

वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून आमची स्वतःची तक्रार निराळी आहे, आणि ती बारामतीतूनच सुरू होते. बाबूजीनाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) ह्या गावी राहिले, कऱ्हेच्या काठी त्यांची आर्या बहरली. सोलापूरचा राम जोशी, तमाशाच्या नादाने घरच्यांच्या रोषाला पात्र झालेला पंडित शाहीर, मोरोपंतांच्या सहवासात आला आणि त्यांच्या आर्या कीर्तनांतून गाऊन त्याने त्या घरोघर पोचवल्या, हे सर्व वाङ्मयेतिहासांत नोंदलेले आहे. आर्या आणि लावणी ह्यांची भेट झालेले हे गाव. पण ह्या भेटीच्या कथेत तिसरे माणूस नाही. राम जोशाची लावणी जिच्या गळ्यातून आणि हातातून लोकांपुढे आली ती बाई इतिहासकारांनी पायरीवरच बसवून ठेवली. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ ह्या चित्रपटाने बया रंगवली, हंसा वाडकरांनी ती अविस्मरणीय केली. ग्रंथांपेक्षा चित्रपटच ह्या बाबतीत उदार म्हणायचा.

ही केवळ श्रेयाची बाब नाही, अर्थाची आहे. पेशवाईतील लावणीत बहुधा ‘मी’ स्त्रीचा असतो आणि लिहिणारा पुरुष असतो. छापील संग्रहात आपण वाचतो तो त्या पुरुषाने कल्पिलेला स्त्रीचा आवाज. बैठकीच्या लावणीत मात्र कलावंतीण खाली बसून एकच ओळ आठ-दहा वेळा घेते, दर वेळी तिच्या अदा निराळ्या. पहिल्यांदा ती ओळ प्रियकराला असते, मग सवतीला, मग सखीला सांगितलेले गुपित होते. भुवई किंचित उचलली की आर्जवाचा उपहास होतो, पदर सावरला की शृंगाराच्या ओळीत एकाएकी थकवा उतरतो. काव्यशास्त्राच्या तासाला व्यंजना शिकवताना आम्ही संस्कृत उदाहरणे देतो आणि विद्यार्थी ती पाठ करतात. ज्यांनी शकुंतलाबाई नगरकरांना एखादी ओळ अशी उलगडताना पाहिले आहे त्यांना पाठांतराची गरज पडत नाही. शाहिराने लिहिलेल्या ‘मी’चा ताबा खरी स्त्री कसा घेते, कधी त्याच्याशी असहमतही कशी होते, हे तेथे डोळ्यांदेखत घडते. हे अर्थ कोणत्याही संग्रहात छापलेले नाहीत. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) ह्यांना २०१२ साली, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, पद्मश्री मिळाली; त्यांच्याजवळचा हा ऐवज कागदावर फार थोडा उतरला. भूषण कोरगांवकर यांचे ‘संगीत बारी’ (२०१४) आणि सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ (२००८) हा माहितीपट ही त्या दिशेची मोलाची कामे, पण ती विद्यापीठांच्या बाहेर झाली, हेही नोंदवले पाहिजे.

इंदापूर तालुक्याची उत्तर हद्द म्हणजे भीमा, आता उजनीचे पाणी. पलीकडे करमाळा तालुका. त्या तालुक्यातील नेरले गावच्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. नाचणाऱ्या आईचा मुलगा वैद्यकीय पदवीपर्यंत पोचला, ही त्याची कथा सर्वांना माहीत आहे. २००७ साली अपघाती निधन झाले तेव्हा हा लेखक ऐन तरुण होता. आमच्या दृष्टीने त्या पुस्तकाचा सर्वांत बोलका भाग मुखपृष्ठावरच आहे. बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव. आज शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे नियमाने आले आहे आणि त्याचे कौतुकही होते. काळे यांनी ते लिहिले तेव्हा कोणताही नियम नव्हता, पर्यायही नव्हता. आत्मकथने शिकवताना आम्ही हे पुस्तक घेतो. चर्चा शिक्षणाच्या जिद्दीवर रंगते, आणि शिक्षणाची ओढ असूनही जिच्या पायांत चाळ बांधले गेले त्या शांताबाईंचा विषय काढला की वर्ग गप्प होतो. त्या शांततेत कोण बसले आहे हे हजेरीपटावरून कळत नाही, म्हणून त्या तासाला आम्ही उदाहरणे जपून देतो.