रसिकांच्या आठवणी आणि संगीतप्रधान बोलपटाचा इतिहास

प्रस्तावना :
भारतीय बोलपट जन्मतःच गाऊ लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’ या बोलपटात ही संख्या सत्तरच्या आसपास गेली. मात्र ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही आणि त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. अशा वेळी छापील मजकूर आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी एवढीच साधने अभ्यासकाच्या हाती उरतात. या आठवणींना रंजक किस्से म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती दिसते, तसेच त्यांना जसेच्या तसे प्रमाण मानण्याचीही. या दोन्ही टोकांऐवजी, रसिकांची आठवण ज्या माध्यमातून घडली त्या माध्यमाचेच वळण ती घेते, या दृष्टीने प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

गायक-नटांचा काळ :
बोलपटाच्या आरंभी गाणारा आणि दिसणारा कलावंत एकच होता. संगीत रंगभूमीची परंपरा त्यामागे होती. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या व्ही. शांताराम दिग्दर्शित बोलपटात गोविंदराव टेंबे यांनी भूमिका केली आणि संगीतही दिले. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये विष्णुपंत पागनीस यांचा स्वर, चेहरा आणि भूमिका प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाली. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाच्या या बोलपटाची १९३७ मध्ये व्हेनिस येथील महोत्सवात दखल घेतली गेली. परंतु याच बोलपटाने स्मृतीची मर्यादाही दाखवून दिली. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावर शांताराम आठवले यांनी रचलेले त्यातील पद पुढे अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. पडद्यावरील प्रत्यय एवढा प्रभावी होता की त्यापुढे कवीचे नाव पुसले गेले.

पार्श्वगायन आणि नावाचा प्रश्न :
१९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या नितीन बोस दिग्दर्शित ‘धूपछाँव’ मध्ये पार्श्वगायनाचा अवलंब झाला. आवाज चेहऱ्यापासून वेगळा होऊ लागला, पण त्या आवाजाला नाव मिळण्यास बराच काळ जावा लागला. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) मधील खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापलेले होते. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली आणि लता मंगेशकर हे नाव सर्वतोमुखी झाले. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाचा समावेश १९५९ मध्ये झाला. गायकाला त्याचे श्रेय मिळवून देण्यात रसिकांच्या कुतूहलाचा वाटा होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. रसिक हा केवळ स्मरण करणारा नसून इतिहास घडविणाराही होता.

रेडिओ आणि दिग्दर्शकाचे विस्मरण :
डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ च्या सुमारास ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारतीचा आरंभ झाला आणि चित्रपटगीत देशातील केंद्रांवर परतले. या प्रसारणात चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांच्या नावांचा उच्चार रूढ झाला. गाणे पडद्यावर साकारणाऱ्या दिग्दर्शकाला या यादीत सहसा स्थान नव्हते. परिणामी चित्रपट पडद्यावरून उतरल्यानंतर गायकाचे नाव घरोघरी राहिले आणि दिग्दर्शकाचे मागे पडले.

या विस्मरणाचे स्वरूप ‘कुंकू’ (१९३७) या उदाहरणावरून स्पष्ट होते. शांता आपटे यांचा आवाज तबकडीमुळे टिकला. तथापि, शांताराम यांनी या बोलपटात पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींवर भर दिला होता, ही गोष्ट तबकडी सांगू शकत नाही. नीरेचे गाणे ज्या शांततेतून उमटते ती शांतता दिग्दर्शकाची निर्मिती आहे. ती अनुभवण्यासाठी चित्रपटच पाहावा लागतो. ‘महल’च्या गीतातील दुरून जवळ येणारा स्वरही ओसाड हवेलीतील त्या प्रसंगाशिवाय अपुराच ठरतो.

संग्राहकांचे योगदान :
ही उणीव भरून काढण्याचे कामही प्रथमतः रसिकांनीच केले. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या ग्रंथमालेत दशकवार नोंदी संकलित केल्या. गीतांबरोबर दिग्दर्शक, कलाकार, गायक आणि ध्वनिमुद्रिकांचे तपशील त्यात एकत्र आले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तोपर्यंत मूकपटांच्या आणि आरंभीच्या बोलपटांच्या असंख्य प्रती नष्ट झाल्या होत्या. त्यामुळे संग्राहकांनी जपलेल्या तबकड्या, गीतपुस्तिका व जाहिराती यांचे मोल वाढले.

निष्कर्ष :
रसिकांच्या आठवणी हे संगीतप्रधान बोलपटाच्या इतिहासाचे आवश्यक, परंतु पारखून घेण्याचे साधन आहे. त्या गायकाला झुकते माप देतात, कवीचा आणि संताचा घोटाळा करतात, दिग्दर्शकाला विसरतात. मात्र या त्रुटी यादृच्छिक नाहीत. त्यांतून त्या काळी गाणे लोकांपर्यंत कसे पोहोचले हे कळते. म्हणून मौखिक इतिहास नोंदविताना कोणते गाणे आवडते एवढे विचारून भागणार नाही. ते प्रथम चित्रपटगृहात ऐकले, तबकडीवर की रेडिओवर, आणि मूळ चित्रपट पाहिला होता काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. गीतमालेची पहिली वर्षे जाणतेपणी अनुभवलेले श्रोते आज ऐंशीच्या पुढे आहेत. चित्रपटाच्या हरवलेल्या प्रती क्वचित सापडतातही. न नोंदविलेली आठवण मात्र पुन्हा सापडत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी आपापल्या परिसरात हे काम हाती घेण्याची निकड आहे.