वारसा आणि इच्छा : प्रस्तावना

एका बाईचा विचार करा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेरी राहून तिने आईवडिलांना सांभाळले, नोकरी केली, कर्ज फेडत स्वतःच्या नावावर घर घेतले. मृत्युपत्र न करता ती गेली, तर घर कोणाचे? आईवडिलांचे, असेच कोणीही म्हणेल. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधले कलम १५ मात्र तसे म्हणत नाही. नवरा आणि मुले नसतील तर आधी नवऱ्याचे वारस, त्यांच्यामागून आईवडील. वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेला दीरही त्या घरावर हक्क सांगू शकतो. वारसाहक्काच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्याने हे कलम सर्वांत आधी वाचावे, असे मला मनापासून वाटते. मृत्युपत्र कशासाठी, ते इथे लख्ख दिसते.

मृत्युपत्र आपल्या धर्मशास्त्रातून आलेले नाही. ‘मिताक्षरा’ या जुन्या टीकाग्रंथाने मानलेल्या एकत्र कुटुंबात मुलाचा हिस्सा जन्मानेच ठरे, मागे काय कोणाला द्यायचे हा प्रश्न फारसा उरतच नसे. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी पहिला कायदा झाला १८७० साली; आज आपण १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम वापरतो. तरीही वारस कोण, यावर आपल्याकडे फार बारीक विचार झाला आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात, काशीत बसून, ‘व्यवहारमयूख’ लिहिला आणि त्यात बहिणीला वारसांच्या क्रमात आजीच्या पाठोपाठ बसवले. मुंबई इलाख्यातली न्यायालये हा ग्रंथ प्रमाण मानत. विसाव्या शतकात म. म. पां. वा. काणे यांनी त्याचे संपादन केले. वारसांची यादी माणसांनीच घडवली आणि माणसांनीच बदलली, याचा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही जन्मतः वाटा देणारी १९५६ च्या अधिनियमातली दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये.

सर्वाधिक गोंधळ दिसतो तो नॉमिनीबाबत. बँकेच्या फॉर्मवर पत्नीचे नाव लिहिले की काम झाले, असे घरोघरी समजतात. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते वारसांच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या रकमेबाबतही हेच म्हटले होते; विम्याचा कायदा मात्र २०१५ मध्ये बदलला.

न्यास म्हणजे ट्रस्ट हा शब्द ऐकला की देवस्थान किंवा शिक्षणसंस्था आठवते. पण १८८२ च्या कायद्याखाली खासगी न्यासही करता येतो, अगदी मृत्युपत्रातूनसुद्धा. स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना रात्री झोप लागत नाही ती ‘आमच्यामागे याचे कोण?’ या एका प्रश्नाने. त्याच्या नावावर पैसे ठेवून हा प्रश्न सुटत नाही. ते पैसे कोणी सांभाळायचे, औषधाला किती, राहण्याला किती, आणि पहिला विश्वस्त गेला तर पुढचा कोण, हे लिहून ठेवता येते ते न्यासपत्रात.

मृत्युपत्राने सगळेच हवे तसे देता येते, असे सर्वत्र नाही. गोव्यात वाट वेगळी. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तिथल्या व्यवस्थेत मुले असतील तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव असतो, मृत्युपत्राने देता येतो तो उरलेला निम्मा. मुस्लीम कायद्यात मृत्युपत्राने देण्यावर साधारणपणे एक तृतीयांशाची मर्यादा आहे.

एरवी मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. सही हवी आणि दोन साक्षीदार हवेत. ते वयाने तुमच्याहून लहान असावेत आणि त्यांना त्यातून काही मिळणार नसावे. या विषयात आपले स्वागत आहे. पुढची पाने उलटण्याआधी एका कोऱ्या कागदावर आपल्या माणसांची नावे लिहा, आणि कायद्याच्या यादीत त्यांपैकी कोण कितव्या जागी आहे ते शोधत पुढे चला.