पास्कलच्या नळीत बॉईल

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही आमची मोटारसायकल इमारतीच्या तळमजल्यावर उभी केली. ती पुढे जवळजवळ दोन वर्षे जागची हलली नाही. बॅटरी उतरली असेल, टायर बसले असतील, एवढे आम्ही गृहीतच धरले होते. ते सर्व दुरुस्त झाले, इंजिनही सुरू झाले. पण पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबला, तो थेट मुठीला टेकला. हाताला विरोध असा जाणवलाच नाही. आणखी चमत्कारिक गोष्ट अशी, की गाडी ढकलून पाहिली तर पुढचे चाक जड फिरत होते. म्हणजे ब्रेक नीट लागतही नव्हता आणि पुरता सुटतही नव्हता. ब्रेकने हवा धरली आहे आणि पिस्टन चिकटला आहे, असे निदान गॅरेजमधल्या मिस्त्रींनी चाकाला हात लावण्यापूर्वीच केले. या निदानामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कल याने दाखवले. १६६२ साली तो वारला आणि हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. योगायोग असा, की १६६२ मध्येच रॉबर्ट बॉईल याने हवेसंबंधीचा आपला नियम प्रसिद्ध केला: दाब वाढवला तर वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते. पाठ्यपुस्तकात हे दोन नियम वेगवेगळ्या धड्यांत असतात. मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये मात्र ते एकाच नळीत समोरासमोर येतात.

थोडे गणित करू. समजा, बोटांनी लिव्हरवर ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला. लिव्हरमुळे तो पाचपट झाला, तर मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर २५ किलोग्रॅमचा भार पडतो. पिस्टनचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस सेंटिमीटर आणि द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २२ किलोग्रॅम येतो. चाकाजवळच्या कॅलिपरमधील पिस्टन ३० मिलिमीटर व्यासाचा असेल तर तो डिस्कवर दीडशे किलोग्रॅमहून अधिक जोराने पॅड दाबतो. ही पास्कलची करामत.

आता त्याच नळीत एक घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा आहे असे माना. एवढ्या दाबाखाली तो सुमारे बाविसाव्या हिश्श्याइतका उरतो, म्हणजे ०.९५ घन सेंटिमीटर जागा नुसती आकसण्यात जाते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो आणि त्या हालचालीत साधारण १.१३ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलतो. त्यातला दहापैकी आठ भागांहून अधिक एका बुडबुड्याने खाल्ला! वर्गात हे दाखवायला सुई काढलेल्या दोन सिरिंज आणि सलाईनच्या नळीचा तुकडा पुरतो. एकदा पाणी पूर्ण भरून आणि एकदा मुद्दाम थोडी हवा ठेवून विद्यार्थ्यांना दट्ट्या दाबायला द्यावा. फरक बोटांना लगेच कळतो.

पास्कलचा नियम यंत्रात उतरायला शतकाहून अधिक काळ लागला. अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. पिस्टनच्या कडेने पाणी गळू नये म्हणून वापरलेल्या चामड्याच्या वाटीचे श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले याला दिले जाते. ही वाटी अशी बसवलेली असे, की पाण्याच्याच दाबाने तिच्या कडा फाकून सिलिंडरला घट्ट टेकत. दाब वाढेल तशी पकड वाढे. आमच्या मते हा शोध पास्कलच्या नियमाइतकाच महत्त्वाचा आहे, पण धड्यात त्याचा उल्लेख सहसा नसतो.

मोटारींत हे तत्त्व आणले ते अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने, १९१७ च्या सुमारास. त्यापूर्वी ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. एक तार थोडी सैल पडली की गाडी एका बाजूला खेचली जाई. द्रवाचा दाब मात्र चारही चाकांना आपोआप सारखा पोचतो. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीने हे ब्रेक लावून फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत जिंकली. १९२४ मध्ये क्रायस्लरने हे ब्रेक घेताना चामड्याऐवजी रबरी वाट्या वापरल्या. फोर्ड कंपनी मात्र १९३९ पर्यंत थांबली. एक नळी फुटली तर काय, ही तेव्हाची शंका अगदीच खुळी नव्हती.

रबर आले आणि नवा प्रश्न उभा राहिला. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. म्हणून सुरुवातीच्या काळात अल्कोहोल आणि चक्क एरंडेल यांचे मिश्रण वापरले जाई. पुढे ग्लायकॉल वर्गातील द्रव आले. आजही आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण त्यात तेल नसते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. हा दोष वाटेल, परंतु तो जाणूनबुजून पत्करलेला आहे. पाणी द्रवात मिसळले नाही तर ते थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये साचेल आणि शंभर अंशांनाच उकळेल. मिसळल्यावर एवढी आपत्ती येत नाही, पण किंमत मोजावी लागतेच. डॉट ४ या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरल्यावर तोच किमान १५५ अंश धरला जातो. घाट उतरताना ब्रेक तापले आणि द्रव उकळला, तर वाफ होते. वाफ हाही वायूच, तेव्हा बॉईल पुन्हा हजर.

मोटारसायकलींपर्यंत हे सारे बरेच उशिरा पोचले. १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून पुढच्या चाकाचा द्रवचलित डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर रूढ झाला.

उभ्या गाडीत नेमके काय होते, ते कॅलिपर उघडल्यावर दिसले. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे रबरी कडे असते. ब्रेक लावताना ते किंचित पिळले जाते आणि सोडल्यावर पिस्टनला अंशमात्र मागे ओढते. वेगळी स्प्रिंग नसते. त्या कड्याच्या खाचेत गंज आणि पांढरा क्षार भरला होता, म्हणून पिस्टन परतत नव्हता. मास्टर सिलिंडरमधली वाटी कडक होऊन तिथून हवा शिरली होती. पिस्टनला खड्डे पडले होते, म्हणून तो बदलला. रबरी भाग सगळे नवे घातले.

मग हवा काढायची. कॅलिपरवरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवायचे. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुड्यांसह द्रव बाहेर पडला की निपल आवळायचा आणि त्यानंतरच लिव्हर सोडायचा. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. द्रव सीलबंद डब्यातलाच घ्यावा. अर्धवट वापरून कपाटात ठेवलेला डबाही ओलावा पितच असतो. रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, रंग उचलला जातो.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. वीस-पंचवीस वेळा करूनही लिव्हर स्पंजासारखाच लागे. बुडबुडा वर चढतो आणि आपण त्याला खाली रेटत होतो. शेवटी एका मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून द्रव हळूहळू वर चढवला. टाकीत भराभर बुडबुडे आले आणि लिव्हर अर्ध्या वाटेत घट्ट थांबला. बाटलीतला जुना द्रव चहाच्या रंगाचा होता.