शिंगी मुठीचे जुने वस्तरे : जीर्णोद्धार व पुरावा

जुन्या पोलादाचा विचार निघाला म्हणजे तलवार, कट्यार व दांडपट्टा यांजकडे लक्ष जातें. बलुतेदार न्हाव्याच्या धोकटींतील वस्तऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु दक्षिणेच्या पोलादाचा एक महत्त्वाचा धागा वस्तऱ्यांतूनच गेला आहे.

इ. स. १७९४ मध्यें मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ‘वूट्झ’ नांवाच्या पोलादाचे नमुने लंडनास सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. ‘वूट्झ’ हा कानडी ‘उक्कु’ शब्दाचा अपभ्रंश मानतात. पुढील वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्याजवर निबंध वाचला. त्याच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे. हें विधान ग्राह्य नाहीं. या पोलादाच्या प्रसिद्ध भट्ट्या म्हैसूर, सेलम व तेलंगणांतील कोनसमुद्रम या बाजूंस होत्या. मुंबई हें नमुने पाठविण्याचें बंदर. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिरानें त्याच पोलादाचे वस्तरे व शस्त्रक्रियेचीं हत्यारें केलीं, आणि पुढें १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे यांजसह पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले.

उलट दिशेनें शेफील्डचा माल इकडे आला. १८५६ सालीं लोहमार्ग खोपोलीस पोहोंचला व १८६३ सालीं बोरघाटाचा चढ खुला झाला. तेव्हांपासून उल्हासकांठचीं कर्जत-दहिवलीसारखीं गांवें मुंबईच्या बाजारास थेट जोडलीं गेलीं. अशा गांवांतील एखाद्या जुन्या धोकटींत विलायती वस्तरा निघाल्यास आश्चर्य नको. मात्र त्याचा काळ अंदाजानें न ठरवितां वस्तूवरूनच ठरविला पाहिजे.

यास मुख्य साधन म्हणजे पात्याच्या शेपटावरील ठसा. मुकुटासह ‘डब्ल्यू. आर.’ अशीं अक्षरें असल्यास चौथ्या विल्यमची, म्हणजे १८३० ते १८३७ ची, कारकीर्द सूचित होते, ‘व्ही. आर.’ असल्यास १८३७ ते १९०१. इंग्रज कारखानदाराचें नांव असलेल्या परदेशी मालावर मूळ देश दाखविणें १८८९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यानें आवश्यक केलें. अर्थात् देशाचें नांव नाहीं, म्हणून वस्तरा त्यापूर्वींचा, असें मात्र सिद्ध होत नाहीं.

दुसरें साधन मूठ. शिंग ऊब देऊन, दाबून सपाट करीत व पितळी खिळ्यांनीं जडवीत. १८७० नंतर त्याच्या नकलेस कचकडें आलें. घासून ऊन केल्यास शिंगास जळक्या केंसांचा वास येतो, कचकड्यास कापराचा. कचकडें कुजूं लागलें म्हणजे पातेंही गंजवितें. म्हणून तें वेगळें ठेवावें. शिंगास शत्रु कसर व कोरडी हवा. वांकलेली फळी कोमट पाण्यानें मऊ करून दोन पाटांत दाबावी.

खरें नुकसान जीर्णोद्धाराच्या नांवाखालींच होतें. चाकावर धरून पातें चकचकीत केलें कीं प्रथम ठसा जातो, आणि घर्षणाच्या उष्णतेनें पात्याचें पाणीही उतरतें. ठसा गेल्यावर उरतें तें नुसतें लोखंड. त्याचा इतिहास सांगणारा साक्षीदार नाहींसा झालेला असतो. यासाठीं प्रथम ठशाचा छाप कागदावर घ्यावा, मग गंज तेलांत भिजवून हलक्या हातानें काढावा, खड्डे पडले असतील तर ते तसेच राहूं द्यावे, व जुने खिळे मोडल्याविना निघत नसल्यास काढूं नयेत.

बखरी व दफ्तरें जपण्याची जी दक्षता आपण घेतों, तीच या हातभर धोकटीसही लागू आहे.