डहाणूच्या किनाऱ्यावरचा ‘मधुमती’ : देवीच्या मठाला गाव देणारा राष्ट्रकूटांचा मुसलमान अधिकारी

कोसबाड म्हटलं की ताराबाई मोडक, अनुताई वाघ आणि टेकडीवरची बालवाडी आठवते. टेकडी उतरून पश्चिमेला गेलं की घोलवडच्या चिकूवाड्या लागतात, पुढे बोर्डीचा समुद्र. घोलवडला उत्तरेकडे जाणारी गाडी पकडली की दुसरं स्टेशन संजाणचं. आज ते गुजरातमध्ये आहे, वलसाड जिल्ह्यात. अकराशे वर्षांपूर्वी मात्र हा सगळा पट्टा एकाच कारभाराखाली होता आणि त्याचं मुख्य ठाणं होतं संजाण. त्या काळच्या संस्कृत लेखांत त्याला ‘संयान’ म्हटलंय.

या संयानचा अधिकारी होता मधुमती. नाव वाचून कुणाही मराठी माणसाला एखादी बाई वाटेल, पण तो पुरुष होता आणि त्याचं खरं नाव होतं मुहम्मद.

ही गोष्ट उजेडात आली ती चिंचणीत. डहाणूच्या दक्षिणेला तारापूरला लागून असलेलं हे गाव. १९५५ साली इथल्या एका शेतकऱ्याला जमिनीत तांब्याचे पत्रे सापडले. एकूण नऊ पत्रे आणि त्यांवर पाच वेगवेगळे लेख. दिनेशचंद्र सरकार या नामवंत पुराभिलेखतज्ज्ञांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. हेच चिंचणीचे ताम्रपट.

ताम्रपट म्हणजे आजच्या भाषेत सातबारा आणि दानपत्र एकत्र. जमीन कुणाला दिली, कशासाठी दिली, हद्द कुठली, साक्षीला कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून तांब्यावर कोरायचं. राजाची स्तुती त्यात भरमसाट असते आणि ती जरा जपूनच वाचावी लागते. पण पुढचा व्यवहाराचा भाग बहुतेक वेळा कोरडा आणि नेमका असतो. इथे खरी मजा त्या कोरड्या भागातच आहे.

पाचांतला सगळ्यात जुना लेख शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. गादीवर राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. लेख सांगतो की इंद्राचे आजोबा कृष्ण दुसरे यांनी संयान मंडळाचा कारभार ‘ताजिक’ जमातीच्या मधुमतीकडे सोपवला होता. ताजिक हा अरबांसाठी संस्कृत लेखांत येणारा शब्द. मधुमतीच्या वडिलांचं नाव दिलंय ‘सहियारहार’. अभ्यासक ते शहरियार असं वाचतात, आणि शहरियार हे नाव अरबी नसून इराणी आहे. म्हणजे माणूस अरब म्हणवला जाणारा, बापाचं नाव इराणी, नोकरी कन्नड मुलखातल्या राजाची, आणि त्याची माहिती आपल्यापर्यंत आली ती संस्कृतातून.

या मधुमतीने केलं काय? आधी किनाऱ्यावरच्या बंदरांचे प्रमुख आपल्या राजासाठी जिंकले आणि तिथे स्वतःची माणसं बसवली. मग संयानमध्ये दोन प्रवाह ओलांडायला फुकट होड्यांची सोय केली. आणि एक अन्नछत्र घातलं. तिथे काय वाढत, तेही लेखात आहे. साळीचा भात, कालवण आणि तूप, तेही मोफत.

होड्या आणि अन्नछत्राचा उल्लेख राजकीय पराक्रमाइतकाच मोलाचा आहे. संजाण वारोळी नदीकाठी आहे. हीच नदी तलासरीच्या बाजूने येते. खाड्या आणि ओहोळांनी चिरलेल्या या पट्ट्यात नदी ओलांडता आली नाही, तर डोंगराकडचा माल बंदरात येणार कसा? परगावचा व्यापारी उतरला तर जेवणार कुठे? आज ज्याला पायाभूत सुविधा म्हणतात, तीच ही.

आता मूळ दान. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानमध्ये भगवती देवीची ‘मठिका’, म्हणजे लहानसा मठ बांधला होता. अन्नैय हा मधुमतीचा मंत्री पुव्वैय याचा मित्र. मठाच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या ब्राह्मण परिषदेतल्या नऊ जणांच्या जेवणासाठी मधुमतीने इंद्र राजाच्या परवानगीने कणाडुक नावाचं गाव आणि देवीहर इथली काही जमीन तोडून दिली. मुसलमान अधिकारी, जैन आणि हिंदू अशा दोन्ही धर्मांना आश्रय देणाऱ्या घराण्याचा राजा आणि देवीचा मठ. लेखात या गोष्टीचं कुठेही नवल केलेलं नाही. अधिकाऱ्याने करायचं ते काम त्याने केलं, इतकंच.

पण दूरच्या मान्यखेटच्या राजाने बंदर एका ताजिकाच्या हातात का दिलं असेल?

उत्तर समुद्रापलीकडे आहे. त्या काळी इराणी आखातातलं सिराफ, इराकमधलं बसरा आणि बगदाद ही व्यापाराची मोठी केंद्रं होती. पावसाळी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर जहाजं तिथून निघत, आपल्या किनाऱ्याला लागत आणि काही थेट चीनपर्यंत जात. इकडून साग, कापड, मसाले जात. तिकडून घोडे, खजूर, काच, मोती येत. घोडा तर राजकारणाचाच भाग होता, कारण राष्ट्रकूटांची उत्तरेत गुर्जर-प्रतिहारांशी कायमची लढाई आणि दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास तुटपुंजी. अशा वेळी आलेल्या व्यापाऱ्यांची भाषा जाणणारा, त्यांची पत ओळखणारा माणूस बंदरावर असणं यात उदारपणाइतकाच हिशेबही होता.

अरबांनाही याची जाणीव होती. इ. स. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी प्रवासवृत्तात जगातल्या चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या जोडीला ‘बल्हरा’चं नाव आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजांची पदवी. अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार इ. स. ९१६ च्या सुमारास स्वतः चौलला येऊन गेला, अलिबागजवळच्या चौललाच. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती दिसली. त्यांच्यातले काही बाहेरून आलेले आणि काही इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. म्हणजे मधुमती हा एकटा चमत्कार नव्हता, तीच पद्धत संजाणला आणखी वरच्या पातळीवर वापरलेली दिसते.

याचा अर्थ सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असा नाही. चिंचणीचाच पुढचा एक लेख तिसऱ्या कृष्णाच्या काळातला आहे (इ. स. ९३९ ते ९६७). त्यात भांडण आहे, आणि ते दोन हिंदू देवस्थानांमधलं. राजस्थानातल्या भिल्लमाळहून, म्हणजे आजच्या भीनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांनी संयानमध्ये विष्णूचं देऊळ बांधलं होतं. या भिल्लमाळदेवाच्या जमिनीचा एक तुकडा भगवतीच्या मठाच्या आवारात अडकला होता. शेवटी समेट झाला. मठाने देवळाला ४० द्रम्म भाडं द्यायचं ठरलं. द्रम्म म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. भीनमाळ हा प्रतिहारांचा मुलूख, म्हणजे राष्ट्रकूटांच्या शत्रूचा, हेही ध्यानात घ्यायला हवं. राजे लढत असताना तिकडचे व्यापारी इकडे देऊळ बांधून, जमिनी धरून नांदत होते.

पुढे राष्ट्रकूट संपले आणि उत्तर कोकण शिलाहारांकडे आलं. शके ९५६, म्हणजे इ. स. १०३४ चा लेख शिलाहार राजा छित्तराजाचा सामंत चामुंडराज याचा. त्याने भगवतीच्या मठाला तेलाचा एक घाणा दिला. तेल देवीच्या दिव्यासाठी आणि मठात शिकणाऱ्यांच्या, आल्यागेल्यांच्या पायांना चोळण्यासाठी. चालून चालून भेगाळलेल्या पायांची ही काळजी मोठी गोड वाटते.

या लेखात गावातल्या प्रतिष्ठितांची यादी येते. त्यात ‘अल्लिय’ आणि ‘मधुमत’ ही नावं आहेत, म्हणजे अली आणि पुन्हा एक मुहम्मद. आणि त्यांच्या जोडीला ‘हंयमन’ हा शब्द. अभ्यासकांच्या मते तो ‘हंजमन’, आजचा ‘अंजुमन’, अर्थात संजाणच्या पारशांची पंचायत.

पारशी इथे नेमके कधी आले यावर वाद आहे. इ. स. ७१६ पासून ९३६ पर्यंत वेगवेगळी सालं सांगितली जातात. जादी राणा, दुधाने काठोकाठ भरलेली वाटी आणि साखर ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. आगमनाची मुख्य हकिकत येते ‘किस्से-संजान’ या फारसी काव्यात, पण ते नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी १५९९ च्या सुमारास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर किमान साडेसहाशे वर्षांनी. गंमत म्हणजे दुधाची वाटी त्यात नाहीच, ती लोककथेतून आली. ताम्रपटातला एक कोरडा शब्द इथे जास्त भरवशाचा ठरतो. मुंबईत कान्हेरीच्या ९० व्या लेण्यातही इ. स. १००९ आणि १०२१ चे पहलवी लेख आहेत. लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं तिथे कोरून ठेवली.

जमिनीनेही साक्ष दिली. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झालं. पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या चकाकीची भांडी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काच आणि पारशांच्या दख्म्याचे अवशेष सापडले. वस्तीचा भर आठव्या ते तेराव्या शतकातला. नंतर बंदर ओसरत गेलं.

चिंचणीच्या पाच लेखांतला शेवटचा शके ९७५ चा, इ. स. १०५३ चा. तोवर इथे मोढ घराण्याचा सामंत होता आणि भगवतीचा मठ चालूच होता, स्थापनेला सव्वाशे वर्षं होऊन गेल्यावरही.

पारशांचा पवित्र अग्नी ‘इराणशाह’ संजाणलाच तेवत होता. सुलतानी फौजेने संजाण जिंकल्यावर धर्मगुरूंनी तो हलवला आणि किस्स्याप्रमाणे बारा वर्षं बहरोटच्या डोंगरात ठेवला. तिथून वांसदा, पुढे नवसारी, आणि १७४२ पासून उदवाडा. बहरोटची ती लेणी आजही घोलवड आणि तलासरीच्या मधल्या डोंगरात आहेत आणि पारशी भाविक अजून ती चढण चढतात.